चौघड्यावरची हेकरं

"हेकरू जन्माला येतं ते मादी म्हणूनच."

हेकरू या माशाबद्दलचं हे वाक्य हेमांगी पराडकर सत्तावीस वर्षं सातवीच्या वर्गाला सांगत आली होती. वाक्य सांगायचं, खडू टेबलावर ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं, ही तिची पद्धत. आधी कुजबुज व्हायची, मग कोणीतरी फिदीफिदी हसायचं आणि शेवटी एक हात वर यायचा.

"बाई, मग नर येतात कुठून?"

"मोठे झाले की होतात," ती सांगायची. "खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या, एका कोपऱ्यात दहा-बारा हेकरं राहतात. त्यांतलं सगळ्यांत थोराड असतं तो नर. बाकी सगळ्या माद्या. तो नर मेला किंवा गळाला लागला, की उरलेल्यांत जी सगळ्यांत मोठी मादी, ती हळूहळू बदलायला लागते. पोटातली गाबोळी, म्हणजे अंडी, आटते आणि तिथेच नराचं बीज तयार व्हायला लागतं. चार-सहा महिन्यांत तीच त्या कोपऱ्याची मालक."

"म्हणजे आमची आजी!" कोणीतरी ओरडायचं. "घरात सगळ्यांत मोठी तीच, आणि हुकूमही तिचाच!"

दरवर्षी हाच हशा. हेमांगीला तो फार आवडायचा. मुलांचे डोळे मोठे झाले की तिला आपण शिक्षिका झालो याचं सार्थक वाटायचं. हेकराची ही नवलाई तिने जणू त्या हशासाठीच जपून ठेवली होती. तास संपला की ती फळ्यावरून पुसली जायची. शाळेच्या कुंपणाबाहेर पाचशे पावलांवर समुद्र होता आणि तिथे तीच हेकरं होती, पण ते वाक्य तिथे घेऊन जावं असं तिच्या मनात कधी आलं नाही.

आडबंदर हे मालवणच्या खालच्या अंगाला असलेलं गाव. बंदरापासून होडीने पाऊण तासावर पाण्याखाली दहा वाव, म्हणजे साठेक फूट, खोल प्रवाळाचा एक खडप आहे. त्याला म्हणतात चौघडा. मार्गशीर्षात पुनवेच्या आसपास दूरदूरच्या खडपांवरची हेकरं तिथे गोळा होतात. माद्या अंडी सोडतात, नर त्यांवर बीज सोडतात, आणि हे सगळं चार-पाच संध्याकाळींत आटोपतं. त्या वेळी नर घुमतात. पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर स्नायूंचा मारा करून ते आवाज काढतात. जड, खालच्या पट्टीतला आवाज. खडपाला चौघडा हे नाव त्यावरून पडलं.

हेमांगीने तो आठव्या वर्षी ऐकला होता. शेजारच्या गुणाजी मेथराने तिला होडीत घेतलं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि मूठ तिच्या कानाला लावली. आडबंदरचे जुने तांडेल, होड्यांचे म्होरके, असंच ऐकायचे. लाकूड पाण्यातला आवाज वर आणतं. आधी काहीच नाही. मग तीन मळ्यांपलीकडे लग्नघरात ढोल वाजावा तसं काहीतरी तिच्या कानाच्या हाडात धुमधुमलं. ती दचकली आणि गुणाजी हसला.

"वाजता मा? ते दादले. वाजणाऱ्याक हात लावचो नाय."

"का, काका?"

"आमका तसा सांगलेला."

याहून जास्त त्याला सांगता आलं नाही. पण पुढे ती विज्ञान शिकली, बी.एड. झाली, गावातल्याच शाळेत लागली, त्याची सुरुवात त्या वल्ह्यापाशी होती. हे ती दर शिक्षकदिनी सांगायचीही.

मग २०३७ साली गाबोळीयंत्रं आली.

हातात मावेल एवढी डबी. माशाच्या पोटावर टेकवायची. आत ध्वनिलहरी जातात, परत येतात, आणि पोटात गाबोळी असेल तर लाल दिवा लागतो, नसेल तर हिरवा. गरोदर बाईची तपासणी करतात तेच तंत्र. हेमांगीने बंदरावर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, ह्या सोनोग्राफीक बंदी असा मा?"

"माणसांची बंद, काका. माशांची चालू."

"मगे बरा. दर्यात चेडवांक मान असा!"

नियम सोपा होता: लाल दिवा लागला की मासा पाण्यात सोडायचा, हिरवा लागला की ठेवायचा. प्रत्येक माशाची लांबी, दिव्याचा रंग आणि तो ठेवला की सोडला, हे यंत्र आपोआप नोंदवून मच्छीमार संस्थेच्या संगणकावर पाठवायचं. सुरमईत दोन वर्षांत फरक दिसला. सरंग्यातही. कारण सुरमईची मादी जन्मभर मादी असते आणि नर जन्मभर नर. आया वाचल्या की पिल्लं वाढतात.

हेमांगी या कामात जीव ओतून उतरली. तिने सहावी-सातवीच्या मुलांचं 'आईरक्षक दल' काढलं. मुलं यंत्रं घेऊन बंदरावर उभी राहायची, टोपल्या तपासायची, लाल दिवा लागला की एका सुरात ओरडायची, "आई सोडा! आई सोडा!" मोठमोठे तांडेल पोरांपुढे ओशाळायचे. तिसऱ्या वर्षी संस्थेच्या सभेत तिनेच मांडलं की हा नियम चौघड्यालाही लावू या. टाळ्या पडल्या. ठराव झाला.

आणखी दोन वर्षांनी, मार्गशीर्षातल्या तशाच एका सभेत, गुणाजी मागच्या रांगेतून उठला. आता तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

"गो हेमा, चौघडो वाजाचो बंद झालो हा. गेल्या वर्सा एक-दोन वाजले. औंदा कायच नाय. दादले ऱ्हवले नाय थंय. वाजणाऱ्याक हात लावचो नाय, असा आमचे जुने सांगत…"

सभा लांबली होती. मुलं चुळबुळत होती. हेमांगी हसून म्हणाली, "गुणाकाका, चौघडा नाही हो बंद पडला. पंचाहत्तरी उलटली की आधी कान बंद पडतात!"

सभा खदाखदा हसली. मुलं तर टाळ्या पिटून हसली. गुणाजीही थोडा हसला, कानाच्या पाळीला हात लावून खाली बसला. पुन्हा बोलला नाही.

त्याच मार्गशीर्षात बंदरावर तो प्रसंग झाला.

गुणाजीची होडी लागली तेव्हा दलाची मुलं उभीच होती. यंत्र होतं उर्वीच्या हातात. उर्वी त्याची नात, मुलाची मुलगी, तेव्हा सहावीत, वर्गात हेमांगीच्या सगळ्यांत पुढच्या बाकावर बसणारी. टोपलीत तीन मध्यम हेकरं होती. उर्वीने पहिल्यावर यंत्र टेकवलं. लाल. दुसरं, लाल. तिसरं, लाल. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"काका, हे काय?" हेमांगीने विचारलं.

"मोठे सोडलंय. हे तीन खावक घेतलंय."

"मोठे कुठे आहेत?"

"दर्यात."

कोणीतरी हसलं. मग एका मुलाने सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं, "आई सोडा! आई सोडा!" मागून कोणीतरी "आईमाऱ्या!" असंही ओरडलं. ते तिने ऐकलं आणि सोडून दिलं. उर्वीने यंत्र मागे घेतलेलं तिला दिसलं. तेव्हा तिने एक गोष्ट केली. सगळ्यांसमोर उर्वीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "शाब्बास! आपलं माणूस असलं तरी डगमगली नाहीस. हिला म्हणतात विज्ञानाची विद्यार्थिनी."

गुणाजीने रिकामी टोपली उचलली. चौघड्यावर जायची त्याला दोन हंगाम बंदी झाली. उर्वीने त्या दिवसापासून आजोच्या ताटातला तुकडा उचलायचं सोडलं. पुढे ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. आईने दटावलं तर म्हणायची, "बाईंना विचार."

वर्ष गेलं. आडबंदरचं नाव झालं. मार्गशीर्षातल्या एका रविवारी किनाऱ्यावरच्या बारा गावांची माणसं येणार होती, आपापल्या खडपांना हाच नियम लावायला. शिकवणार होती हेमांगी. त्याआधीच्या बुधवारी मैथिली गावकर शाळेत आली.

मैथिली तिचीच जुनी विद्यार्थिनी, आता समुद्रजीव संशोधक. दोन हंगाम तिने चौघड्यावर पाण्याखाली कान ठेवला होता, म्हणजे आवाज टिपणारं यंत्र. शिवाय पाण्याचे नमुने घेऊन त्यातली अंडी मोजणारं आणखी एक. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिने लॅपटॉप उघडला.

"बाई, अंडी भरपूर आहेत. गेल्या मार्गशीर्षात लाखांनी होती. पण फळलेली नाहीत. कोंबड्याशिवाय कोंबडीने घातलेली अंडी असतात ना, तशी. पाण्यात तरंगली आणि कुजली."

"म्हणजे?"

"आपण लाल दिव्याचं सोडलं. म्हणजे माद्या सोडल्या. हिरव्या दिव्याचं ठेवलं." मैथिलीने पडदा बाईंकडे वळवला. तिला पुढचं बोलावंसं वाटत नव्हतं. "चौघड्यावर, मार्गशीर्षात, मोठ्या हेकराला हिरवा दिवा कधी लागतो, बाई?"

हेमांगी मुलांच्या बाकावर बसली. फळ्यावर सकाळच्या तासाची चित्रं अजून होती.

"नर काढला की मोठी मादी नर होते," मैथिली हळू आवाजात सांगत राहिली. "पण बदल चालू असताना पोटात गाबोळी नसते. तिलाही हिरवा दिवा. आपण तिलाही धरलं. मग तिच्याहून लहान मादी बदलायला लागली. तिलाही धरलं. ह्या नोंदी बघा. पहिल्या वर्षी हिरव्या माशाची सरासरी लांबी ऐंशी सेंटिमीटर. गेल्या वर्षी एकेचाळीस. आता बदलायला मोठी मादीच उरली नाही."

"हे मला माहीत होतं," हेमांगी म्हणाली.

"काय?"

"हेकरू बदलतं ते. तुलाच शिकवलं होतं मी. याच वर्गात."

मैथिलीने फळ्याकडे पाहिलं. तिलाही तो हशा आठवत असणार.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "संस्थेच्या तक्त्यात फक्त लाल दिव्याचे सोडलेले मासे मोजले जातात. हिरव्या दिव्याचा मासा कोण कशाला सोडेल, म्हणून त्याचा रकानाच नाही. पण यंत्राने नोंद केलेली आहे. तीन वर्षांत हिरवा दिवा लागूनही मासा सोडला असं एकाच होडीवरून झालंय. अठरा मासे. सगळे पंचाहत्तरच्या वरचे. पुढे ते दुसऱ्या होड्यांच्या गळाला लागले असणार." तिने नाव सांगितलं नाही. पडद्यावर होडीचा क्रमांक होता. हेमांगीला तो पाठ होता. लहानपणी त्याच होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, बसून तिने पाय पाण्यात सोडले होते.

खोलातून वर ओढलेल्या हेकराचं पोट फुगतं. ते नुसतं टाकलं तर तरंगत मरतं. त्याला दगडाच्या ओझ्याने तळापर्यंत नेऊन सोडावं लागतं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने अठरा वेळा दहा वाव दोरी सोडली होती आणि ओढली होती, आणि बंदरावर येऊन "दर्यात" एवढंच उत्तर दिलं होतं.

"बाई, रविवारचं काय?" मैथिलीने विचारलं. "आपण 'सुधारित नियम' म्हणून मांडू. मोठी हेकरं सोडा, मार्गशीर्षात चौघडा बंद. कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. विज्ञानात असं होतंच."

"हो," हेमांगी म्हणाली. "होतंच."

त्या संध्याकाळी तिने तसा कागद लिहूनही काढला. 'अनुभवाअंती नियमात पुढीलप्रमाणे बदल करण्यात येत आहे.' वाक्य चांगलं होतं. त्यात कोणीच नव्हतं. ते तिने चार वेळा वाचलं, आणि चौथ्या वेळी तिला स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

गुरुवारी सकाळी ती गुणाजीकडे गेली. मनात हिशेब असा, की म्हाताऱ्याची एकट्यात क्षमा मागावी, त्याच्या समाधानाने आपलं ओझं उतरेल, आणि रविवारी तो कागद वाचावा. गुणाजी घरासमोरच्या खळ्यात बसून गळाची दोरी गुंडाळत होता. तिने सगळं सांगितलं. अंडी, हिरवा दिवा, अठरा मासे. मान खाली घालून सांगितलं. शेवटी म्हणाली, "काका, मी चुकले. तुमच्या कानांबद्दल बोलले ते तर…"

गुणाजीने दोरीची गाठ दातांनी ओढली.

"बरा," तो म्हणाला. "चाय घेतलंस?"

"काका, मी माफी मागायला आलेय."

"ता समाजला. पण माका सांगान काय उपयोग, हेमा? चौघडो बंद झालो ता माका आधीच ठावक होता. मासे सोडलंय ता पण ठावक होता. ज्येका ठावक नाय त्येका सांग."

"कोणाला?"

गुणाजीने दोरीवरून नजर काढली नाही. घरातून उर्वीचा आवाज येत होता. ती शाळेची तयारी करत आईशी भांडत होती. दप्तर घेऊन ती मागच्या दाराने गेली. पुढच्या दाराशी आजो बसलेला असायचा, म्हणून ती रोज मागच्या दाराने जायची. हेमांगीने हे पहिल्यांदाच पाहिलं.

"तां लहान आसा," गुणाजी म्हणाला. "माज्यार इश्वास ठेव म्हणान मी तेका सांगूचंय नाय. तेचो तुज्यार इश्वास."

त्या दिवशी सातवीचा तिसरा तास विज्ञानाचा होता. हेमांगीने फळा पुसला. नेहमीचं वाक्य लिहिलं: हेकरू जन्माला येतं ते मादी म्हणूनच. मुलं आधीच हसू लागली. मोठ्या भावंडांकडून त्यांनी ऐकलेलं होतं. तिने खडू टेबलावर ठेवला. मग तो पुन्हा उचलला आणि खाली चित्र काढलं, एक मोठा मासा, दहा लहान. लहान माशांवर लाल खडूचे ठिपके. मोठ्यावर हिरवा.

"नियमाप्रमाणे आता मी कोणाला धरू?"

"हिरव्याला!" सगळा वर्ग.

तिने मोठा मासा पुसला. "आता यांतली एक नर व्हायला निघाली. दिवा?"

"हिरवा…" आवाज थोडे कमी.

तिने तोही पुसला. तिसरा पुसला. चौथ्यापर्यंत वर्ग गप्प झाला होता. एका मुलाने हळूच म्हटलं, "बाई, असं तर नरच राहणार नाही."

"राहिला नाही," हेमांगी म्हणाली. "चौघड्यावर राहिला नाही. नियम मी आणला. हे वाक्य मला तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून पाठ होतं. तरी आणला. एका माणसाने सभेत उठून सांगितलं की चौघडा वाजायचा बंद झाला. त्याच्या कानांवर मी विनोद केला. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. तो माणूस मोठे मासे सोडत होता. अठरा सोडले. यंत्रात नोंद आहे. त्याला तुम्ही बंदरावर जे ओरडलात ते मी ऐकलं होतं, आणि थांबवलं नव्हतं."

कोणीही उर्वीकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी न पाहण्याचा प्रयत्न केला. उर्वी पहिल्या बाकावर ताठ बसली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही मला शाब्बास म्हणालात."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो, उर्वी."

"मग ते खोटं होतं का?"

सत्तावीस वर्षांत मुलांच्या प्रश्नाला अडली की हेमांगी 'उद्या बघून सांगते' म्हणायची. आज उद्यावर ढकलायचं नव्हतं. ती नुसती मान हलवून हो म्हणाली. बाहेर शिपायाने मधल्या सुट्टीची घंटा दिली, तरी मुलं उठली नाहीत.

रविवारी तिने बारा गावांसमोर तेच सांगितलं, 'मी' असं म्हणून. काहींना ते जड गेलं. मागून आडबंदरचंच कोणी बोललं, "मगे इतकी वर्सां आमका शिकवलास काय?" तिने तेही ऐकून घेतलं. चौघड्यावरची गुणाजीची बंदी उठली आणि बाकी सगळ्यांना मार्गशीर्षभर लागली. पण सभा म्हणजे मोठी माणसं होती, आणि मोठ्या माणसांसमोर चूक कबूल करणं तिला गुरुवारच्या तासाइतकं कठीण गेलं नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी गुणाजीने निरोप पाठवला: संध्याकाळी चौघड्यावर जातोय, यायचं तर ये. होडीत उर्वी आधीच बसलेली होती. आजोने बोलावलं म्हणून आली होती, एवढंच. बसली होती ती मधल्या फळीवर, बाईंसाठी शेजारी जागा ठेवून, जशी शाळेच्या सहलीत ठेवायची. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा गुणाजीने इंजिन बंद केलं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि मूठ हेमांगीपुढे धरली.

"ऐक."

तिने कान लावला. लाकूड थंड होतं. बारक्या चिंगळांची, म्हणजे इवल्या कोळंब्यांची, कडकड ऐकू आली, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. होडीच्या बुडाला पाणी चाटत होतं. आठव्या वर्षी कानाच्या हाडात धुमधुमलेलं ते, तीन मळ्यांपलीकडचं लग्नघर, ते तिने शोधलं. श्वास रोखून शोधलं.

"काय ऐकलंस?" गुणाजीने विचारलं.

"काही नाही, काका."

"आणखी ऐक."

मैथिली म्हणाली होती की खडपाच्या कपारीत दोन-चार मोठ्या माद्या असतील, तर त्या बदलतील. वर्ष लागेल, तीन लागतील, नक्की सांगता येत नाही. हेमांगीने डोळे मिटले. चिंगळांच्या कडकडीखाली काही आहे का, त्याच्याही खाली काही आहे का, ते ती ऐकत राहिली.

होडी जराशी कलली. शेजारची फळी हलकी झाली. उर्वी उठली होती. तोल सावरत, काठाला धरत, दोन पावलं टाकून ती मागे सुकाणूपाशी गेली आणि आजोच्या बाजूला बसली. ती काहीतरी बोलली. इतक्या हळू, की हेमांगीला शब्द कळले नाहीत. गुणाजीचं उत्तर मात्र कळलं.

"ऱ्हवंदे गो बाय. मोठा काय नाय ता."

त्यानंतर होडीत कोणीच बोललं नाही. पाण्याखालीही कोणी बोलत नव्हतं. हेमांगीचा कान दुखायला लागला होता, मान अवघडली होती, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं हे तिला एव्हाना पुरतं कळलं होतं. पण कान उचलला असता तर मागे वळून त्या दोघांकडे बघावं लागलं असतं. म्हणून अंधार पडेपर्यंत तिने वल्ह्याची मूठ सोडली नाही.